आधी आजीला त्या वादातून बाहेर काढा

प्रश्न (पत्र लांब होतं, इथे सारांश देत आहे): मी खानापूर तालुक्यातला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. सीमाभागातल्या मराठी तरुणांच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर मी एका ऐतिहासिक चित्रपटाबद्दल लिहिलं, 'नुसता आरडाओरडा आहे. आपली माणसं यावर टाळ्या कशा वाजवतात कळत नाही.' तासाभरात शिव्या सुरू झाल्या. 'कर्नाटकाचा चमचा', 'गाव कुठलं सांग, बघून घेतो.' चिडून मी लिहिलं, की माझी आजी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जेलमध्ये गेलेली आहे, मला निष्ठा शिकवू नका. त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. 'पुरावा दे', 'आता प्रत्येकाची आजी जेलमध्ये होती म्हणे.' कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट एका कन्नड पेजवर टाकला, तिथे वेगळ्या शिव्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उत्तरं देत बसतो, कामात लक्ष नाही. माफी मागू, पोस्ट काढू, की लढू? आणि अनोळखी माणसांशी वाद घालायचा तरी कसा?

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात चित्रपटाला दोन ओळी आहेत आणि आजीला पाऊण पान. म्हणजे झोप चित्रपटामुळे उडालेली नाही, त्या इमोजींमुळे उडाली आहे. त्यामुळे आधी त्याचंच बघू, चित्रपट थांबेल.

माझी ओळख एवढीच, की बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षं वाचकांच्या पत्रांचं सदर सांभाळत होते, आणि आता चित्रपट बघणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपची ॲडमिन आहे. अनोळखी माणसांची भांडणं निस्तरणं हे माझं तेव्हाही काम होतं, आजही आहे. फक्त पूर्वी पगार मिळायचा.

आज रात्री एवढंच करा. सगळ्या कमेंटींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नाव, तारीख, वेळ दिसेल असे, आणि धमकी देणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक वेगळी जपून ठेवा. ते झालं की आजीबद्दलची तुमची कमेंट काढून टाका. पोस्ट नाही, फक्त ती कमेंट. कमेंट काढली की तिच्याखालची उत्तरंही तिच्याबरोबर जातात, आणि त्या हसऱ्या तोंडांना तिथे उभं राहायला जागा उरत नाही. 'पळाला, पळाला' असं कुणीतरी लिहीलच. लिहू दे.

हे सांगते त्यामागे कारण आहे. आपल्या भागात निष्ठेच्या भांडणात घरच्या माणसाची आठवण हे हुकमाचं पान समजून टाकलं जातं. पण इथे हुकूम सगळ्यांच्याच हातात आहे. १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला, त्याची आठवण सांगणारी घरं आहेत. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो, तो दिवस काळा दिन म्हणून पाळणारी तिसरी-चौथी पिढी आहे. १९८६ च्या जूनमध्ये माणसं गेली, त्यांचं स्मारक बेळगावजवळ हिंडलग्यात आहे. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक काढला तेव्हा लाठीमार झाला. त्याचे वळ अंगावर घेतलेली पोरं आज तुमच्या वयाची आहेत, आणि बहुधा त्याच ग्रुपवर आहेत. तुम्ही 'माझी आजी' म्हणालात तेव्हा समोरच्याच्या मनात 'आणि माझा मामा?' असं आलंच असणार.

शिवाय त्या वाक्याने समोरच्याला दोनच वाटा उरतात. विश्वास ठेवायचा तर गप्प बसायचं, नाहीतर विश्वासच ठेवायचा नाही आणि भांडण चालू ठेवायचं. भांडायला आलेला माणूस कुठली वाट धरणार? तो तुमच्या आजीला हसला नाही, त्याला ती ठाऊकही नाही. त्याने समोर आलेलं पान मारलं. तुम्हाला लागलं, कारण तुमच्यासाठी ते पान नव्हतं, आजी होती. म्हणूनच जे माणूस हसण्यावारी नेलं गेलेलं तुम्हाला सहन होणार नाही, ते अनोळखी लोकांपुढे वादात मांडू नका. आपलं दुःख खोटं असतं म्हणून नव्हे. ते खरं आहे की नाही याचा निवाडा आपण नकळत त्यांच्या हातात देतो, म्हणून.

आणि एक विचारते, राग मानू नका. ती कमेंट टाकण्याआधी आजीला विचारलं होतं? तुमच्या पत्रावरून त्या हयात आहेत, गावात आहेत. त्यांचा तुरुंगवास ही त्यांची गोष्ट आहे. सांगायचीच असेल तर त्यांच्या तोंडून, सावकाश, फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कुठल्या दिवशी धरलं, कुठे ठेवलं, बरोबर कोण होतं, घरी पोरांना कुणी सांभाळलं. १९८६ च्या आंदोलनातल्या बायकांचं असं सविस्तर कथन माझ्या वाचनात फार कमी आलं; पुढाऱ्यांचं पुष्कळ आलं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांमधून आपल्याकडे दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. तिथे अशा आठवणींना खुर्ची मिळते, आणि ऐकणारा समोर बसलेला असतो. हसायचं म्हटलं तर त्याला शेजाऱ्यांच्या देखत हसावं लागेल.

तुम्ही लिहिलंय, की निपाणीच्या एका गृहस्थांनी इनबॉक्समध्ये 'माझी आईही त्या वेळी आत होती, आजींचं नाव काय?' असं विचारलंय आणि तुम्हाला तो सापळा वाटतोय. असू शकतो. त्यांचं प्रोफाइल कधीपासूनचं आहे, तुमच्या ओळखीचं कुणी त्यात आहे का, हे बघा. 'आजींना विचारून सांगतो, आपल्या आईंचं नाव कळवाल का?' एवढंच उत्तर द्या. खरा माणूस असेल तर याचा त्याला राग येणार नाही.

आता चित्रपटाकडे येऊ. तुमची दोन वाक्यं पुन्हा वाचा. 'नुसता आरडाओरडा आहे' हे चित्रपटाबद्दल आहे. 'आपली माणसं यावर टाळ्या कशा वाजवतात कळत नाही' हे चित्रपटाबद्दल नाहीच. ते टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल आहे, आणि तेच त्या ग्रुपवर बसलेले होते. तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी बघितले. पहिल्या वाक्यावर जेमतेम कुणी बोललंय, जे काही पेटलंय ते दुसऱ्यावर. पत्रांच्या सदरातही हेच चालायचं. नाटक वाईट म्हणणारं पत्र छापलं तर उत्तरं येत ती बहुतेक नटाच्या बाजूने. नाटकाला गर्दी करणाऱ्यांना अरसिक म्हणणारं पत्र छापलं की टपाल आठवडाभर आटत नसे.

'आरडाओरडा' हेसुद्धा मत म्हणून फार ढोबळ आहे. कुठे? लढाईत पार्श्वसंगीत इतकं चढवलंय की संवाद ऐकू येत नाहीत, की नायक साधं बोलायचं तिथेही ओरडतो, की शांत प्रसंगच नाहीत? बारकावा दिला की त्यावर बोलणारे पुढे येतात. 'तो दरबारातला प्रसंग शांतच होता की,' असं कुणीतरी म्हणतं, आणि मग तुम्ही दोघं एकाच गोष्टीकडे बघत असता. ढोबळ मताला ढोबळच उत्तर मिळतं, आणि आपल्याकडचं सगळ्यात ढोबळ उत्तर म्हणजे 'तू कुणाचा?'

ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. एकाच चित्रपटावर एकाच वेळी तीन निरनिराळे वाद चालू असतात आणि कुणालाच कळत नाही की आपण कुठल्या वादात आहोत. 'छावा' घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते; आक्षेप आले आणि दिग्दर्शकाने तो भाग काढला. हा वाद भावनेचा आणि औचित्याचा होता. लेझीम खेळणं अपमानास्पद आहे का, याचा पुरावा कुठल्या बखरीत सापडायचा नाही. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी, गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवलंय म्हणून, हरकत घेतली. दिग्दर्शकाने खेद व्यक्त केला. हा वाद बराचसा तथ्याचा, तिथे कागद काढता येतात. त्यातही चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला, म्हणजे तथ्य आणि चित्रपट यांच्यामध्ये एक कादंबरीकार उभा. आणि तिसरा वाद साधा, चवीचा: तो चित्रपट म्हणून कसा वाटला. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'मला मध्यंतरापर्यंत कंटाळा आला.' त्याला उत्तर आलं, 'संभाजी महाराजांचं बलिदान कंटाळवाणं वाटतं का?' चवीच्या प्रश्नाला भावनेचं उत्तर, आणि मग तिसऱ्याने त्यात शिर्क्यांचा दाखला आणून टाकला. मी ते थांबवून तिघांना विचारलं, की तुम्ही तिघं काय ठरवायला बसलाय ते एकेका ओळीत लिहा. दोघांना लिहिता आलं नाही. तिसऱ्याने लिहिलं ते भलतंच होतं, पण निदान लिहिलं.

वादात उतरायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. हे कशाने ठरणार आहे? कागदाने ठरणार असेल तर कागद द्या, नसेल तर 'पाहून सांगतो' म्हणा. चवीचा प्रश्न असेल तर तो ठरणारच नाही, तेव्हा आपलं म्हणणं नीट मांडा आणि समोरच्याचं ऐका. गप्पा म्हणून तेही वाईट नाही. समोरच्याला काही लागलंय असं दिसलं तर वाद तिथेच थांबवा. लागलेल्या माणसाला मुद्दा पटत नाही.

त्याच फेब्रुवारीत दुसरंही घडलं, ते तुम्हाला आठवत असेल. बेळगाव तालुक्यात कर्नाटकाच्या बसच्या वाहकाला मारहाण झाली, भाषेवरून झाली असं सांगितलं गेलं, उलट तक्रारही झाली. मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळं फासलं, आणि दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हाही असंच झालं होतं. अशा आठवड्यात आपल्याकडे चित्रपटाच्या पोस्टखाली बसचं भांडण येतं आणि बसच्या पोस्टखाली चित्रपटाचं. त्यात जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. मी ॲडमिन म्हणून तेव्हा एकच नियम लावला: व्हिडिओ टाकणाऱ्याने तो कुठला आणि कधीचा हे लिहायचं, नाही लिहिलं तर काढणार. शिव्या मी सोडून दिल्या, पण हा नियम सोडला नाही. शिवी खाल्लेला माणूस घरी जेवायला जातो. जुना व्हिडिओ बघून चिडलेला माणूस रस्त्यावर जातो.

तुमच्या पोस्टचं नेमकं काय झालं, हे यातून कळेल. त्या दिवशी सीमाभागात काय घडलं होतं ते जरा तपासा. मला तारीख बघून वाटतं, की तुम्ही पुण्यात बसून चित्रपटावर लिहीत होतात, आणि इकडची पोरं त्या दिवशी भलत्याच गोष्टीवर चिडलेली होती. तुमचं वाक्य आयतं सापडलं. तुमचा गुन्हा नाही, पण इकडचं हवामान बघून लिहिलं असतं तर इतकं झालं नसतं. बाहेरगावी गेलेल्यांची ही नेहमीची अडचण; गाव मनात असतं ते आपण सोडलं त्या दिवसाचं.

कलावंतांच्या वादातही हेच दिसतं. २०२५ च्या मेमध्ये कमल हासन चेन्नईत म्हणाले, की कन्नड तमिळमधून जन्मली. वास्तविक हा भाषाशास्त्राचा प्रश्न, विद्यापीठात विचारला तर उत्तर मिळेल: या दोन्ही द्राविडी भाषा एकाच मूळ भाषेपासून फुटलेल्या बहिणी मानल्या जातात. पण प्रश्न तिथे गेलाच नाही. माफीची मागणी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथेही माफीचा विषय निघाला, आणि ५ जूनला त्यांचा 'ठग लाइफ' कर्नाटकात, म्हणजे आपल्या बेळगावातही, लागला नाही. जूनच्या मध्याला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दाखवू द्यावाच लागेल, झुंडीला ते ठरवता येणार नाही. आमच्या ग्रुपवरची मराठी मंडळी तेव्हा कन्नडिगांना हसत होती, 'एवढ्यावर कोण चिडतं का?' लेझीम विसरायला त्यांना चारच महिने लागले.

बरं, कन्नड पेजवरच्या स्क्रीनशॉटचं काय करायचं? मी तिथे वाद घालणार नाही. स्क्रीनशॉट टाकणाऱ्याने वर आपला मथळा लावलाय, आणि वाचणारे मथळ्यावर बोलतायत. तुम्हाला कन्नड चांगलं येतं असं लिहिलंय, तर तिथे कन्नडमध्ये एकच कमेंट करा: मी एका चित्रपटाबद्दल लिहिलं होतं, मूळ पोस्ट अमुक ठिकाणी आहे, कन्नडबद्दल त्यात एक अक्षर नाही. तेवढं लिहून तिथून बाहेर. लोक कन्नडमधलं उत्तर बघून थोडे गोंधळतात, आणि तो गोंधळ चांगला असतो. ज्याला फक्त शिवी द्यायची आहे त्याला तुम्ही मराठीत उत्तर दिलेलंच हवं असतं.

आणि एक गंमत सांगते, त्या पेजवाल्यांना सांगायची नाही. 'सैराट'वरून 'आमचा सिनेमा, तुमचा सिनेमा' असं भांडणारे दोन्हीकडचे लोक मी पाहिलेत. त्याची कन्नड आवृत्ती 'मनसु मल्लिगे' २०१७ मध्ये आली आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. दोन्ही बाजूंच्या भांडकुदळांना ती सारखीच आवडते.

उत्तरं किती द्यायची, याचं माझं साधं गणित आहे. एका माणसाला दोन. पहिल्यात म्हणणं, दुसऱ्यात त्याच्या शंकेचं उत्तर. तिसरं लिहावंसं वाटलं की समजा, की आता मुद्दा संपला आणि इरेला पडलोय. 'शेवटचं वाक्य माझं' ही हौस प्रत्येकाला असते. ती समोरच्याला द्या, फुकट आहे. रात्री जेवणानंतर कुणालाच उत्तर देऊ नका. वर्तमानपत्रात पत्र लिहायचं म्हणजे कागद, पाकीट, तिकीट, टपालपेटी. तेवढ्यात माणूस अर्धा निवायचा, आणि खाली नाव-पत्ता पूर्ण लागायचा. त्या काळाचं मी फार कौतुकही करत नाही. बायकांची पत्रं क्वचित यायची, आणि संपादकाला न पटणारं पत्र केराच्या टोपलीत जायचं, कुणाला कळायचंही नाही. पण ती मधली रात्र उपयोगाची होती. ती आता आपली आपण आणावी लागते. रागाने लिहायचं ते फोनमधल्या नोट्समध्ये लिहा, सकाळी चहानंतर वाचा. बहुतेक वेळा पाठवावंसं वाटत नाही, आणि वाटलं तर ते आधीपेक्षा बरं लिहिलं जातं.

माफीचं म्हणाल तर सरसकट माफी नको. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य पुढाऱ्यांनी इतकं वापरलंय, की ते वाचून उलट भावना दुखावतात. तुम्ही एवढंच लिहा: 'टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दलचं वाक्य मागे घेतो, ते मी उगाच लिहिलं. चित्रपट मला आवडला नाही, हे मत तसंच आहे.' ज्याला चूक म्हणता येईल तेवढीच मागे घेतली की उरलेल्यावर ठाम राहता येतं. हे लिहिल्यावर कमेंट्स बंद करा. पोस्ट तुमची आहे, ग्रुपने तो पर्याय ठेवला नसेल तर ॲडमिनला सांगा.

कायद्याचं थोडक्यात, कारण 'बघून घेतो'ने तुम्ही धास्तावलाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५१ मध्ये धमकी येते, आणि नाव लपवून दिलेल्या धमकीला जादा शिक्षा आहे. नुसतं 'बघून घेतो' यावर पोलीस फार हलतील अशी आशा ठेवू नका. पण गाव, घर, घरच्या माणसांची नावं घेऊन लिहिलं असेल तर तक्रार जरूर द्या. बेळगावात त्यासाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं) ठाणं आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही देता येते. ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहितात. सही करण्याआधी ती वाचून दाखवायला सांगा, आणि गुन्हा नोंदला गेला की प्रत मागून घ्या. दोन्ही तुमचे हक्क आहेत, प्रतीला पैसे लागत नाहीत. स्क्रीनशॉट पुढे न्यायालयात द्यायची वेळ आली तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन फॉरमॅट करू नका.

उलट बाजूनेही सावध राहा. संहितेच्या कलम १९६ मध्ये धर्म, जात यांच्याबरोबर भाषेवरून वैर पसरवणंही येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपल्या भागात या कलमाच्या तक्रारी द्यायला दोन्हीकडचे उत्साही लोक तयारच असतात. चित्रपट वाईट म्हटल्याने यात काहीच येत नाही. एखाद्या भाषेच्या लोकांना उद्देशून काही लिहिलं तर येऊ शकतं. रात्री दोन वाजता ही रेघ कुठे आहे ते दिसत नाही, हे लक्षात असू द्या. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६-अ होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि तिला लाईक करणारी दुसरी, अशा पालघरच्या दोघींना अटक झाली, आणि त्यातूनच पुढे ते कलम आव्हानाला गेलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मार्च २०२५ मध्ये एका कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गुजरातमधला गुन्हा रद्द करताना सांगितलं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने बघायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्याच्या नव्हे. हे ऐकून छाती फुगवू नका, कारण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला वर्षं लागतात आणि ठाण्यात बोलावणं संध्याकाळी येतं.

तुमच्या ग्रुपचे ॲडमिन 'आमच्यावर येईल' म्हणून सगळंच काढून टाकतात, असं तुम्ही लिहिलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं होतं, की संगनमत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. पण आपण येतो धारवाड खंडपीठाच्या कक्षेत. तिथे तो निकाल दाखला म्हणून चालेल, बंधनकारक नाही. त्यामुळे त्यांची भीती मला पूर्ण चुकीची वाटत नाही. फक्त सगळं काढण्यापेक्षा त्यांनी धमक्या काढाव्यात आणि मतं ठेवावीत. ते उलटं करतायत.

बहिणीनेही त्या पोस्टखाली तुमची बाजू घेतली आणि तिच्या फोटोखाली घाण लिहिलं गेलं, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. ती ओळ पुढे ढकलायची नव्हती. पुरुषाला गाव विचारतात, बाईला शरीरावरून बोलतात. हे मी सदरात असताना निनावी पत्रांमधूनही वाचलंय, आणि टाइप केलेल्या पत्रांत तर जास्तच. तिच्याबाबतीत दोन उत्तरांचं गणित लागू नाही, एकही उत्तर नको. स्क्रीनशॉट, ब्लॉक आणि तक्रार, याच क्रमाने. संहितेत ७८ (पाठलाग, ऑनलाइनही) आणि ७९ (बाईच्या अब्रूला धक्का देणारे शब्द वा हावभाव) ही कलमं त्यासाठीच आहेत. तक्रार द्यायची की नाही हे तिला ठरवू द्या, आणि तिच्याबरोबर ठाण्यात जा. 'तू कशाला मध्ये पडलीस' असं घरात कुणी म्हणालं तर त्याला गप्प करायचं काम तुमचं.

झोपेबद्दल. वाद संपवल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे झोप आली नाही, छातीत धडधड होत राहिली, फोन हातात घेतल्याशिवाय राहवलंच नाही, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, बोलायची भाषा निवडता येते. एवढ्याशा कारणासाठी कसा करू, असं वाटू देऊ नका. तिथल्या लोकांना कारणाची लांबी-रुंदी मोजायची नसते.

राहिला प्रश्न ग्रुप सोडायचा का. इतक्यात नको. महिनाभर म्यूट करा, नोटिफिकेशन बंद ठेवा. महिन्याने जाऊन बघा, 'गाव कुठलं सांग, बघून घेतो'वाल्या कमेंटी ॲडमिननी काढल्यात का. काढल्या असतील तर राहा, आणि पुढचा चित्रपट बघितलात की त्यातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल लिहा. नसतील काढल्या तर बाहेर पडा. निरोपाची पोस्ट मात्र लिहू नका; तिच्याखाली हाच वाद पुन्हा सुरू होतो.